ब्रेकनंतरची सपाट रेघ

"हे पाहा देवीदासभाऊ, इथं तुमी इमर्जन्सी ब्रेक लावला." तायडे साहेबांनी पेनाचं टोपण संगणकाच्या पडद्यावर टेकवलं. "आन् इथं गाडी उभी राह्यली. काईच गडबड नाई. रेघ कशी साफ आहे."

देवीदास निंभोरकर पाहत राहिला. इंजिनातल्या यंत्रानं टिपून ठेवलेला कालचा वेग पडद्यावर निळ्या रेघेत उतरला होता. बडनेऱ्याहून गाडी निघाली तशी रेघ चढत गेलेली, मग बराच वेळ आडवी, आणि कुरुम सोडल्यावर खाली कोसळलेली. ब्रेक लावला तिथं बारीक लाल खूण होती. पण खुणेनंतरही रेघ बोटभर तशीच आडवी चालली होती आणि मग उतरायला लागली होती.

गाडीखाली आलेली बाई त्या बोटभर आडव्या रेघेत होती. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो तेवढ्या भागाकडे डोळे बारीक करून पाहत होता. निदान केसभर तरी ती रेघ कुठं हलली असेल. नव्हती हलली.

"नाव समजलं का तिचं?" त्यानं विचारलं.

"मैनाबाई. वावरातल्या सांबाराच्या जुड्या घेऊन बाजारात चालली होती म्हणते. ऐकू कमी ये तिले." साहेबांनी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. "तुमी शिट्टी वाजवली, ब्रेक लावला, सारं नोंदीत आहे. तुमची चूक नाई भाऊ. दोन दिवस घरी आराम करा."

देवीदासनं चहा पिऊन टाकला. चूक नाही हे त्याला ठाऊक होतं. पहिल्या वेळी मात्र ते कुणी कितीही सांगितलं तरी पटलं नव्हतं. तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अन्न तोंडाशी नेलं की उमळून यायचं. रुख्मिणी उशाशी बसून ताकभात भरवायची आणि तो लहान पोरासारखा रडायचा. नंतर आणखी माणसं आली रुळावर. कुणी चुकून, कुणी ठरवून. हळूहळू त्यानं घरी सांगणं सोडलं आणि घरानं विचारणं.

काल पोलिसांचा पंचनामा झाल्यावर त्यानंच गाडी अकोल्याला आणली. इंजिनाच्या पुढच्या जाळीत तिच्या सांबाराच्या, कोथिंबिरीच्या काड्या अडकल्या होत्या, त्या कुणीतरी पाण्यानं धुतल्या. त्याचा सहायक सागर विश्रामगृहाच्या पायरीवर डोकं धरून बसला, पाण्यालाही शिवला नाही. देवीदासनं मात्र डबा उघडला आणि वांग्याच्या भाजीसकट तिन्ही भाकरी संपवल्या. झोपही लागली. सकाळी उठल्यावर त्याला वाटलं, आपल्या आत काहीतरी बंद पडलं आहे. त्याचंही त्याला फारसं वाईट वाटलं नाही.

दुपारच्या गाडीनं तो बडनेऱ्याला उतरला आणि क्वार्टरवर आला. दामिनी पुढच्या खोलीत पुस्तकं पसरून बसली होती. ती यंदा अकरावीला होती, अमरावतीच्या कॉलेजात.

"बाबा, बरं झालं आले तुमी," ती म्हणाली. "मले हा ग्राफ समजूनच नाई राह्यला. ॲक्सिलरेशन मायनस आहे म्हणते आन् गाडी पुढंच चालली म्हणते. मायनस आहे त मागं जायले पाह्यजे ना?"

त्यानं बॅग खाली ठेवली. "मायनस म्हणजे मागं नाई जात. वेग कमी होऊन राह्यला, एवढंच. गाडी त पुढंच जाते."

"ब्रेक मारल्यावरबी?"

"मारल्यावरबी. वेग शून्य होयेस्तोवर पुढंच."

दामिनीनं मान डोलावली. मॅडमनी रोजच्या जगण्यातलं एक उदाहरण काढून आणायला सांगितलं होतं. तिनं पट्टी घेतली, एक आडवी रेघ ओढली आणि टोकापासून तिरपी रेघ खाली आणली. "ही तुमची रेल्वे. इथं ब्रेक मारला आन् लगेच वेग उतरला. बरोबर?"

"लगेच नाई उतरत." देवीदास तिच्याजवळ जमिनीवर बसला. "ब्रेक इंजिनात लावला तरी मागच्या डब्यांपर्यंत पोचायले वेळ लागते. तेवढी रेघ आडवीच ठेव. उतार मंग सुरू कर."

"तेवढ्या वेळात गाडी काय करते?"

"पूर्ण वेगानं जाते."

तिनं खोडरबर घेऊन रेघ सुधारली. मग ब्रेक मारला तिथपासूनचा रेघेखालचा भाग पेन्सिलीनं भरला. "रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर. आधी हा आयत, मंग त्रिकोण." ती तोंडातल्या तोंडात गुणाकार करत राहिली, आणि थबकली. "बाबा, अर्ध्या किलोमीटरच्यावर येऊन राह्यलं. माह्यं चुकलं का?"

"नाई. बरोबर आहे."

"एवढं?" तिनं आकडे पुन्हा तपासले. "ब्रेक काहून लावला, तेबी लिहा लागते. काय लिहू?"

देवीदासनं त्या आयताकडे पाहिलं. पोरीनं तो छान, एकसारखा भरला होता.

"सिग्नल लाल होता, लिह," तो म्हणाला.

तो आत गेला. रुख्मिणी ओट्यापाशी कणीक मळत होती. मागं न वळता ती म्हणाली, "मागच्या दारी पाणी काढलं आहे. आधी आंघोळ करून घ्या."

मागच्या दारी उघड्यावर वाफाळती बादली होती, स्टुलावर धुतलेले कपडे होते. मसणातून आलेल्या माणसासाठी ठेवतात तसं सगळं. धुण्याच्या दगडावर कडुनिंबाची डहाळी ठेवली होती.

तो दारातच थांबला. "तुले कोणं सांगतलं?"

"सागरच्या मायचा फोन आला होता." तिचे हात थांबले. "कोण होतं?"

"मैनाबाई म्हणून एक बाई."

"मंग तिच्या नावानं घ्या पाणी," ती म्हणाली, आणि पुन्हा कणीक मळू लागली.

अंगावरून पाणी ओतताना त्याला ते गरम आहे एवढं कळलं. कपडे बदलून तो दगडावर टेकला आणि डहाळीचं एक पान तोडून तोंडात टाकलं. नीट चावलं. कडू लागलं नाही. त्यानं दुसरं पान तोडलं. मग तिसरं. आतून रुख्मिणीनं जेवायला हाक मारली तरी तो डहाळी हातात धरून तिथंच बसून होता, एकेक पान तोडून सावकाश चावत.