हाताला यश

बाईंचा नवरा रविवारी गाडीचं बॉनेट उघडायचा ते मोठ्या सर्जनच्या थाटात. आधी चटई अंथरायची, तिच्यावर पाने ओळीनं मांडायचे, खांद्यावर फडकं टाकायचं आणि कपाळाला आठ्या घालायच्या. थाट एवढा, आणि ज्ञान मात्र अर्ध्या हळकुंडाचं. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या आणि मनात म्हणायच्या, झालं, बसले उंटावरचे शहाणे.

गाडी बाईंची होती. तिच्यावर त्या लोकांना ड्रायव्हिंग शिकवायच्या आणि निम्मं घर त्यावरच चालायचं. शिकाऊ पायांचे दणके खात तिनं तीन लाख किलोमीटर केव्हाच मागं टाकले होते. अशा म्हाताऱ्या इंजिनाला जपून हात लावावा लागतो. हा प्लगच्या चारही वायरी एकदम उपटायचा, प्लग पॉलिश पेपरनं चकचकीत घासायचा आणि मग कुठली वायर कुठं होती ते आठवत बसायचा. आठवलं नाही की, "कंपनीनंच चुकीची लावली होती," म्हणून आपल्या मतानं लावून टाकायचा. इंजिन फटफटायला लागलं तर म्हणायचा, "नवीन सेटिंग आहे, रात्रभर बसू दे."

सोमवारी तो गोदामातल्या कारकुनीला गेला की बाई ती आचके देणारी गाडी गल्लीच्या टोकाच्या मेकॅनिककडे न्यायच्या. "साहेबांनी ट्यूनिंग केलं वाटतं," एवढंच म्हणून तो वायरी जागच्या जागी लावून द्यायचा. संध्याकाळी नवरा गाडी सुरू करून कान द्यायचा. "ऐक, कशी शिवणयंत्रासारखी चालतेय. मेकॅनिक लोक नुसते लुटतात. माझ्या हाताला यश आहे."

"हो ना," बाई म्हणायच्या. खरं सांगितलं तर चार दिवस तोंड पाडून बसेल, जेवणावर राग काढेल. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. सात वर्षं हे असंच चाललं.

या रविवारी मात्र हात पुसता पुसता तो म्हणाला, "अगं, उद्या राजीनामा देतोय."

"कशाचा?"

"नोकरीचा. गॅरेज काढतो. चौकातला गाळा बघून ठेवलाय. सात वर्षांत माझ्या हातची गाडी एकदा तरी बंद पडली का? तूच सांग."

बाईंच्या हातातलं ताट हातातच राहिलं. गाडी बंद पडली नव्हती, कारण त्यांनी ती पडू दिली नव्हती. आता हा लोकांच्या गाड्यांच्या वायरी उपटणार, गिऱ्हाइकं दारात येऊन शिव्या देणार आणि बांधलेला पगार जाणार तो वेगळाच.

"जरा विचार करा," त्या म्हणाल्या.

"तुला काय कळतं त्यातलं? तू फक्त चालवतेस."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकाऊ मंडळींना त्यांनी उद्या येऊ नका म्हणून कळवलं आणि सकाळी किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली. "आज गाडीनंच चला ऑफिसला. मी येते सोबत."

गाडीनं फाटकापर्यंत दोनदा आचके दिले. चढावर मोठा बार काढून ती बंद पडली ती पडलीच. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. दोघांनी तिला ढकलत कडेला घेतलं. बॉनेट उघडून नवरा बराच वेळ आत बघत राहिला, मग वळून म्हणाला, "तू हात लावलास का हिला?"

"आज नाही लावला," बाई म्हणाल्या. "एरवी तुमचं ट्यूनिंग झालं की मेकॅनिककडून नीट करून आणते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

तो चिडेल म्हणून बाईंनी चार खमंग उत्तरं तयार ठेवली होती. तो चिडला नाही. त्यानं बॉनेट हळू खाली ओढलं, मागच्या सीटवरचा डबा घेतला.

"राजीनाम्याचं काय?" बाईंनी विचारलं.

"कसला राजीनामा," तो म्हणाला. दोन पावलं गेला आणि थांबला. "पहिल्याच वेळी सांगितलं असतंस, तर मी शिकलो असतो."

तो बस स्टॉपकडे चालू लागला. हा माणूस शिकू शकेल, असं सात वर्षांत बाईंच्या एकदाही मनात आलं नव्हतं. तयार ठेवलेल्या उत्तरांतलं एकही आता कामाचं नव्हतं, आणि बाईंना स्वतःचीच लाज वाटली.