अकरा ओळींचा वृत्तांत

आमच्या डोंगराकडच्या प्रार्थनाघराला स्वतःचा पाळक नाही. एकच पाळक आणि सांभाळायची चौदा प्रार्थनाघरं, त्यामुळे ते महिन्यातून एकदा मोटरसायकलवरून येतात, प्रभुभोजन देतात आणि चिखल वाळायच्या आत निघून जातात. बाकीचे रविवार आणि सगळी दफनं आम्ही मंडळीचे चार वडील, म्हणजे मंडळीने नेमलेली चार वडीलधारी माणसं, मिळून निभावतो. त्या चारांतला मी एक. नाव योसोफाती काचिपापा. पोटासाठी मक्याची गिरणी चालवतो.

शहरातल्या बायबल शाळेने टपालाने अभ्यास सुरू केला, तेव्हा चौघांनीही नावं घातली. दोघांनी पहिल्याच वहीत हात टेकले. मला मात्र गोडी लागली. दर सहा महिन्यांना बायबलमधलं एक पुस्तक. रूथ झालं, मार्क झालं, तिसरं ईयोब आलं, सगळं गमावूनही देवाला न सोडणाऱ्या माणसाचं. गिरणीच्या घरघराटात मांडीवर वही घेऊन मी बसायचो, आणि पोत्यातला मका संपून दगड दगडावर घासायला लागले तरी मला पत्ता नसायचा. बायको म्हणायची की त्या ईयोबाची जेवढी चौकशी करता, त्याच्या निम्मी तरी माझ्या गुडघ्याची करा.

प्रत्येक धड्याच्या शेवटी एक चौकट असे, ‘जीवनात वापर’. या आठवड्यात शिकलेलं कुठे वापरलं, ते त्यात लिहायचं. जागा कमी पडली तर वेगळा कागद जोडायचा. ही चौकट भरायची मला फार हौस होती. रूथच्या, म्हणजे एका विधवेच्या गोष्टीच्या वेळी मी विहिरीवर भेटलेल्या सगळ्या विधवांना मदत करून मोकळा झालो होतो.

ईयोबाच्या सातव्या धड्यावर असताना लामेकीची मुलगी गेली. चार दिवसांचा ताप. दवाखान्यातून तिला लाकडाच्या गाडीवर घालून आणलं.

लामेकी माझा लहानपणापासूनचा सोबती. आम्ही एकाच वर्गात बसलो आणि एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. तो दुसरीतून शाळा सोडून बटाट्याच्या शेतात गेला, मी आठवीपर्यंत टिकलो, एवढाच काय तो फरक. पाळक दुसऱ्या टोकाला होते, म्हणून दफनाची उपासना माझ्याकडे आली. खरं सांगायचं तर निरोप आला तेव्हा आधी लामेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, ईयोब तयार आहे. या दुसऱ्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

आमच्याकडे दफनाच्या वेळी वारलेल्या माणसाचा वृत्तांत वाचतात. कुठे जन्मला, काय शिकला, काय काम केलं, कशाने गेला, मागे कोण आहे. गरिबातल्या गरिबाचाही वाचतात. गावात आयुष्यभर ज्याला कुणी विचारलं नाही, त्याचंही नाव त्या दिवशी चारशे माणसांसमोर नीट उच्चारलं जातं, आणि ते एकदाच. नंतर स्मशानात कुणी जात नाही. विनाकारण गेलं तर लोक चेटूक करतो म्हणून संशय घेतात.

लामेकीने सकाळी गावच्या शाळेतल्या मास्तरांच्या घरी जाऊन वृत्तांत लिहून घेतला होता. मी उभा राहिलो तेव्हा त्याने तो कागद माझ्या हातात दिला. मी तो वहीत सातव्या आणि आठव्या धड्याच्या मध्ये ठेवला, कारण मला तेच पान उघडायचं होतं. आभाळ भरून आलं होतं, कबर खणणारी पोरं फावडी टेकून उभी होती. मी म्हणालो, “वेळ कमी आहे. मुलीचा वृत्तांत आपल्या सगळ्यांना ठाऊकच आहे, म्हणून सरळ वचनाकडे वळू.”

आणि मग चाळीस मिनिटं बोललो.

चांगलं बोललो, हे माझं दुर्दैव. सीमेपलीकडून ट्रकने आलेले फालेसीचे नातेवाईक डोळे पुसत होते. फालेसी म्हणजे लामेकीची बायको. ईयोबाची दहा मुलं एका दिवसात गेली तरी त्याने देवाला दोष दिला नाही, हे मी इतकं रंगवून सांगितलं की लामेकीची एक गेली, हे ऐकणाऱ्याला जरा कमीच वाटावं. तिचं नाव माझ्या तोंडून एकदाही आलं नाही. हे मला त्या दिवशी कळलं नाही. घरी येऊन मी जेवलो आणि शांत झोपलो.

पुढच्या रविवारी लामेकी उपासनेला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एके दिवशी तो सायकलवर मक्याचं पोतं बांधून माझ्या गिरणीसमोरून सरळ निघून गेला, दोन तासांवरच्या दुसऱ्या गिरणीकडे. मी हाक मारली. त्याने मान वळवली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला या माणसाची भीती वाटली. तो हातचा जाईल, ही भीती.

माझी समजूत अशी की तो देवावर रुसला आहे. पुस्तकात तसंच होतं. मी बायबल आणि वही काखेत मारली आणि त्याच्याकडे गेलो. तो अंगणात बियाण्याचे बटाटे निवडत होता. मी कसोटीबद्दल बोललो, मग धीराबद्दल, मग शेवटी ईयोबाला सगळं दुप्पट कसं मिळालं, त्याबद्दल. त्याने हातातला बटाटा खाली ठेवला.

“त्याला मुलंही परत मिळाली?” त्याने विचारलं.

“तीच नाहीत. दुसरी दहा.”

“आणि पहिली? त्यांची नावं काय होती?”

मी बायबलची पानं उलटली. पुस्तकात नंतरच्या तीन मुलींची नावं आहेत. पहिल्या दहांपैकी एकाचंही नाही. सात धडे लिहूनही मला हे दिसलं नव्हतं. मला रागच आला, त्याचा नाही, अडल्याचा. मी म्हणालो की नावांवर प्रश्न येत नाही, अर्थ बघायचा असतो.

“बरं,” लामेकी म्हणाला आणि पुन्हा बटाट्यांकडे वळला.

तेवढ्यानेही माझे डोळे उघडले नाहीत. घरी येऊन मी आठव्या धड्याची चौकट भरली: ‘एका दुःखी बापाला भेटलो आणि वचनाने त्याचं सांत्वन केलं.’ एका दुःखी बापाला. आज ते अक्षर बघतो तेव्हा पान फाडावंसं वाटतं. तो शेवटचा धडा होता, वही टपालात टाकली.

तीन महिन्यांनी ती तपासून आली. शंभरात एक्याण्णव. ईयोबाच्या सांत्वनाला आलेले मित्र कुठे चुकले, या प्रश्नाला तर पैकीच्या पैकी. सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोपर्यंत ते मित्र होते, तोंड उघडलं आणि घात झाला, असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. मंडळीला दाखवायला म्हणून पानं चाळत होतो, तर आठव्या धड्यापाशी मास्तरांच्या हातचा रेघी कागद निघाला.

तपासणाऱ्याला वाटलं असणार की जोडलेलं पान आहे. वर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण होती, आणि खाली एक शेरा.

मी गिरणीच्या उंबऱ्यावर बसलो. इंजिन चालू होतं, बायका रांगेत उभ्या होत्या. त्या ओरडायला लागल्या तेव्हा मी इंजिन बंद केलं, आज दळण नाही म्हणालो आणि निघालो. वाटभर काय बोलायचं ते जुळवत होतो. अंगणात पाय ठेवताच सगळं विसरलो.

फालेसी चुलीपाशी होती. लामेकी कुदळीला दांडा बसवत होता. मी उभ्यानेच सांगितलं, कागद वहीत राहिला होता, मी वाचला नाही, माझी चूक झाली. आता वाचू का?

“मला कशाला?” लामेकी म्हणाला. “मीच सांगून लिहवला. ज्यांना ऐकवायचा ते त्याच दिवशी ट्रकमध्ये बसून गेले.”

“मला वाचून दाखवा, भाऊजी,” फालेसी म्हणाली. “मी घरात बायकांत होते. मला वाटलं, तुम्ही वाचला असेल आणि मला ऐकू आला नसेल.”

मी जमिनीवर बसलो आणि वाचला. तादाला. दुष्काळाच्या वर्षी जन्मली. रोज दोन नद्या ओलांडून शाळेला गेली. या घरातली आठवी पास झालेली पहिली. गायनमंडळात दुसऱ्या रांगेत उभी राहायची. मंडळीचे निळे झगे तिने मागून आणलेल्या मशिनवर शिवले. धाकट्या भावाला वाचायला शिकवलं. चार दिवस तापात होती. वय एकोणीस. मागे आई, वडील, दोन भाऊ. अकरा ओळी. वाचायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तिने शिवलेला निळा झगा घालूनच मी त्या दिवशी तिच्या पेटीसमोर चाळीस मिनिटं बोललो होतो.

फालेसीने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही. तिने बोटाने लाल खूण चाचपली. “हे काय आहे?”

खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं, शहरातल्या परीक्षकाने केलेली खूण आहे, बरोबर आहे म्हणून.

“म्हणजे तिकडे कुणीतरी वाचला,” ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, “ऐकलंत का? तिकडे कुणीतरी वाचला.”

लामेकीने दांडा खाली ठेवला. “खाली काय लिहिलंय?”

“यावर आणखी लिहा, असं लिहिलंय.”

त्याने फालेसीच्या हातातून कागद घेतला. मग म्हणाला, “आणखी कुठून आणायचं, योसोफाती? तेवढंच झालं होतं तिचं.”

त्याने मला बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो.