तेवीस वर्षं दुसऱ्याच्या नावाची

मी एक जुनी घुमटी आहे, मित्रांनो. उंचीला तुमच्या कमरेएवढी, पत्र्याची, दगडांच्या ओट्यावर बसवलेली. कोपियापो शहर सोडून उत्तरेकडे जाणारा हमरस्ता वाळवंटात जिथे वळतो, तिथे माझा मुक्काम. माझ्यात देव नाही. आमच्याकडे रस्त्यावर कोणी अवेळी गेलं की त्याचा जीव तिथेच घुटमळतो, म्हणून त्याला टेकायला असं घरकुल करून देतात. त्याला आनिमिता म्हणतात. येणारे-जाणारे ट्रकवाले भोंगा वाजवून त्याला नमस्कार करतात. कोणी मेणबत्ती लावतं, कोणी पाण्याची बाटली ठेवतं, कारण रस्त्यावर गेलेल्याला फार तहान लागते.

माझा पत्रा एका जळालेल्या ट्रकच्या दाराचा आहे. रुफोनं तो कापला आणि जोडला. रुफोला वेल्डिंग छान यायचं, पण सरळ रेघ काही मारता यायची नाही. त्यामुळे माझं छप्पर आजही डावीकडे कललेलं आहे. काम करताना तो रडत होता आणि रडू दिसू नये म्हणून पत्र्याला शिव्या घालत होता. त्या सगळ्या शिव्या मी जन्मतःच ऐकल्या, पण मला राग आला नाही. तो ट्रक चालवणारा नोल्बेर्तो त्याचा भाचा होता. वय सव्वीस. धुक्यात ट्रक उलटून पेटला, आत जे सापडलं ते ओळखू येण्यासारखं नव्हतं. जाकिटाचा एक तुकडा आणि खिशातले अर्धवट जळालेले कागद तेवढे नोल्बेर्तोचे होते.

माझ्यावर पांढऱ्या रंगानं नाव घातलं ते त्याच्या आईनं, एदेल्मिरानं. नावाखाली तिनं एक पाटी लावली. "थांब वाटसरू. माझ्या नोल्बेर्तोला जग पाहायची हौस होती. खाण ते बंदर, एवढंच त्याच्या नशिबी आलं. तुझ्या प्रवासात तुला सगळ्यात काय आवडलं, ते त्याला सांगून जा."

आणि लोक सांगू लागले! मित्रांनो, मी जागची तसूभरही हललेले नाही, पण माझ्याइतका प्रवास कोणी केला नसेल. एका शाळामास्तरीणबाईंनी खाऱ्या तळ्यातल्या रोहित पक्ष्यांबद्दल इतकं सांगितलं की त्यांची बस सुटली. नवीन लग्न झालेलं एक जोडपं 'सगळ्यात छान काय' यावरून माझ्यासमोरच भांडलं आणि एकमेकांशी न बोलता गाडीत जाऊन बसलं. एका लहान मुलीनं सांगितलं की समुद्रसिंह बाबांच्या तोंडावर शिंकला, तेच सगळ्यात छान होतं. एका ट्रकवाल्यानं बंदरातल्या मासळीच्या रश्श्याचं असं वर्णन केलं की मला पोट नाही याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं.

पण आता मी तुम्हाला ते सांगते, जे मी तेवीस वर्षं कोणाला सांगू शकले नाही.

पहिल्या सोमवारी एदेल्मिरा आली. सोमवार हा आमच्याकडे गेलेल्यांचा वार. तिनं मेणबत्ती लावली आणि हाक मारली, "नोल्बेर्तो, बाळा!" माझ्या आत कोणी नव्हतं असं समजू नका. होतं. कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं, कुडकुडत. पण ती हाक ऐकून त्यानं मान वर केली नाही. आपल्यामागे दुसरं कोणी उभं असावं आणि हाक त्याला असावी, तसं त्यानं मागे वळून पाहिलं. मागे पत्रा होता. मी शहारले. माझ्यावर लिहिलेलं नाव आणि माझ्यात राहणारा जीव, यांचा काही संबंध नव्हता!

आणि ते दर सोमवारी होत राहिलं. हाक दुसऱ्याला, पाणी दुसऱ्याला, आसवं दुसऱ्याला. बिचारा ते पाणी प्यायचा, पण उष्टं पिताना संकोचावं तसा. मी काय करणार? मला तोंड नाही. एक पुढचं झाकण आहे, तेवढं वाऱ्यानं वाजतं.

एकदा दक्षिणेकडची एक बाई बसमधून उतरली. लोकरीचे मोजे विकायला निघाली होती. ती म्हणाली, "मला बाई सगळ्यात आमचा पाऊसच आवडतो. लाकडी छपरावर रात्रंदिवस वाजतो. चुलीवर मिल्काओ, बटाट्याच्या जाड पोळ्या, तळत असतात आणि बाहेर धो धो." वारा अजिबात नव्हता. तरी मेणबत्तीची ज्योत आडवी झाली, थेट दक्षिणेकडे. कोपऱ्यातला तो उठून दाराशी आला होता. पहिल्यांदाच.

तो सोमवारच होता. एदेल्मिराच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"रुफो, बघितलंस?"

"काय?"

"ज्योत. पावसाचं नाव काढलं की आडवी होते."

"वारा असेल, ताई."

"वाऱ्याला काय फक्त पाऊसच आवडतो? आणि आमच्या नोल्बेर्तोला पावसाचं कसलं कौतुक? जन्मात तीनदा पाऊस बघितला त्यानं, आणि तिन्ही वेळा छप्पर गळतं म्हणून तुला बोलला."

"मेल्यावर आवडनिवड बदलत असेल माणसाची."

"तू आपली गाडी काढ," असं म्हणून ती उठली. पण जाताना दोनदा मागे वळून पाहत होती.

वर्षं गेली. रस्ता रुंद झाला, गाड्या भरधाव जाऊ लागल्या, थांबणारे कमी झाले. माझा रंग उडाला, तळाला गंज चढला. भोंगे वाजायचे, पण सांगायला कोणाला सवड नव्हती. एदेल्मिराचा सोमवार मात्र चुकला नाही. गुडघे धरून, रुफोच्या खांद्यावर रेलून ती यायची. आणि आत तो तसाच, आपलं नाव कोणी घेईल म्हणून कान देऊन बसलेला. नुसतं ऐकत राहणारं कोणी आपल्या पोटात तेवीस वर्षं असणं काय असतं, ते तुम्हाला कसं सांगू?

मग एका रविवारी दुपारी एक माणूस बसमधून उतरला. दाढी पिकलेली, हातात पिशवी. त्यानं माझ्यावरचं नाव वाचलं आणि हसला. तसं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. मग पाटी वाचली आणि खाली बसला, धप्पकन.

मग झाकणाशी तोंड आणून हळूच म्हणाला, "बाल्दोविनो."

माझ्या आतला जीव ताडकन उभा राहिला. मेणबत्ती विझलेली होती, वारा पडलेला होता, तरी माझं झाकण आपोआप उघडलं.

"बाल्दोविनो कार्कामो, मी आलोय रे," तो माणूस रडत म्हणाला. "नोल्बेर्तो. नाक्यावर ज्यानं तुला ट्रकमध्ये घेतलं तो. खाणीचं काम सोडून घरी निघाला होतास, दक्षिणेला, चिलोए बेटावर. कुडकुडत होतास म्हणून माझं जाकीट दिलं तुला. माझे डोळे मिटत होते, तर म्हणालास, मी चालवतो थोडं, तू पड. लायसन्स नाही तुझ्याकडे, हे माहीत असून मी चाक तुझ्या हातात दिलं. पहाटेचं धुकं. हे वळण दिसलंच नाही. मी बाहेर फेकला गेलो. तू आत राहिलास. आणि मी पळालो. ट्रक मालकाचा, जीव तुझा, दोन्ही माझ्या अंगावर येणार म्हणून पळालो. बोलिव्हियात गेल्यावर कळलं की मेलो तो मीच! मेलेल्याला कोणी शोधत नाही. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा बरं वाटलं मला. आता माझा पोरगा एकोणीस वर्षांचा झालाय, तू होतास तेवढा. परवा ट्रकवर कामाला निघाला, आणि मला त्याच्या जागी तूच दिसलास."

एवढं बोलून तो उठला आणि पिशवी उचलली. "आईला तोंड दाखवायची हिंमत नाही," म्हणाला. "तू सांग तिला, जमलं तर."

मला इतका राग आला! तेवीस वर्षांनी एकदा नाव घेतलं आणि निघाला. हा गेला की ते नाव पुन्हा जगात कोणालाच माहीत नसणार होतं. मी झाकण वाजवलं. की आतल्यानं वाजवलं, मला सांगता येणार नाही. त्याच वेळी समुद्राकडून कामांचाका आलं, आमचं ते दाट धुकं. हात पुढे केला तर दिसू नये असं. एकही गाडी थांबेना. तो माझ्या ओट्याला टेकून बसला आणि बसल्या जागीच झोपला.

सकाळी रुफोची गाडी आली. सोमवार होता.

रुफोनं आधी पाहिलं आणि छातीवर क्रूस काढत दोन पावलं मागे सरला. एदेल्मिरा मात्र पुढे आली. तिला जराही भीती वाटली नाही. तिनं बाटलीचं झाकण काढलं आणि म्हणाली, "आलास? किती तहान लागली असेल तुला."

तो पाणी प्यायला. तिनं त्याचा कान धरून पाहिला. कान गरम होता.

"आई, मी मेलो नाही."

तिनं त्याला थोबाडीत मारली. मग छातीशी धरलं, मग पुन्हा मारली. रुफो म्हणाला, "अगं ताई, एक काय ते ठरव!" आणि स्वतःच हमसून रडायला लागला.

आणि मग, मित्रांनो, एदेल्मिरा एकाएकी थांबली. मुलाला बाजूला सारून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मग आत कोण आहे?"

ती मुलाकडे वळली.

"नोल्बेर्तो, तेवीस वर्षं मी पाणी कोणाच्या पोराला पाजलं? सांग. नाव सांग त्याचं!"

त्यानं सांगितलं. ती सरळ गुडघ्यांवर बसली, ज्या गुडघ्यांमुळे तिला गाडीतून उतरवत नव्हतं. मेणबत्ती लावली. "बाल्दोविनो," ती म्हणाली, "बाळा, चुकले रे मी. दुसऱ्याच्या नावानं हाका मारत राहिले तुला. एकदाही रागावला नाहीस." ज्योत तिच्याकडे झुकली. इतकी, की तिच्या कपाळावरचे पांढरे केस करपले.

नोल्बेर्तोनं चौकीत जाऊन सगळं सांगितलं. बेटावर पत्र गेलं. दोन महिन्यांनी बाल्दोविनोची धाकटी बहीण सुनिल्दा तीन बसगाड्या बदलून आली. तिच्या हातात एक बाटली होती, पावसाच्या पाण्याची. ते तिनं माझ्या छपरावर ओतलं. छप्पर डावीकडे कललेलं, त्यामुळे सगळं पाणी एका कडेनं टपटपत राहिलं. या वाळवंटात मी पहिल्यांदाच तो आवाज ऐकला.

"दादा," ती म्हणाली, "आई म्हणायची, पोरगं उत्तरेला गेलं नि आम्हाला विसरलं. तरी जेवायला बसताना तुझी थाळी मांडायची. गेल्या वर्षी गेली ती. चल आता घरी."

ज्योत आडवी झाली, दक्षिणेकडे, आणि मग सरळ उभी राहिली. सुनिल्दानं ओट्याजवळची मूठभर माती रुमालात बांधली आणि बसमध्ये बसली.

त्या दिवसापासून मी रिकामी आहे. दक्षिणेकडचे लोक पावसाबद्दल सांगतात आणि ज्योत हलत नाही. मला सुटल्यासारखं वाटतं, आणि करमतही नाही. कोपऱ्यात कोणी कुडकुडतंय असं अजून भासतं. एदेल्मिरा दर सोमवारी येतेच. "गेला असला तरी परत कधी तहान लागली तर?" असं म्हणते.

मित्रांनो, तुम्ही कुठेही प्रवासाला जा, वाटेत अशी एखादी घुमटी दिसली तर थोडं थांबा. तुम्हाला जे सगळ्यात आवडलं ते सांगा. पण आधी नाव विचारा आणि नीट मोठ्यानं उच्चारा. जिवंत माणसालाही विचारा, गेलेल्यालाही. नाव चुकलं तर प्रेमसुद्धा भलत्याच दारात जातं, हे मी पोटात ठेवून बसले होते.

माझ्यावर आता बाल्दोविनो कार्कामो असं लिहिलेलं आहे. पण आमचं ऊन वाईट. वर्षभरात नवा रंग सोलतो आणि खालून जुनं नाव डोकं वर काढतं. मग नोल्बेर्तो रंगाचा डबा घेऊन येतो, माझ्यासमोर बसतो, आणि स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं पुसून त्यावर बाल्दोविनोचं नाव लिहितो.