न घासलेली बाजू

बाईंनी तो गोळा लहान मुलाच्या ढकलगाडीतून आणला, दुपट्यात गुंडाळून. दारातूनच म्हणाल्या, "मोती आहे. अकरा किलोंचा, राक्षसी शिंपल्यातला. माझ्या बाबांनी स्वतः बुडी मारून काढलाय. तुम्ही फक्त लिहून द्या."

रत्नं तपासण्याच्या या कामात माझी तेहतीस वर्षं गेली, पण इतक्या खात्रीने मला स्वतःचं नावही सांगता येत नाही. मी म्हणालो, "बघू."

बाबा आता पंच्याऐंशीचे. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी हा मोती वर आणला, तेव्हा त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावानेच धक्क्यावर हसं केलं होतं. म्हणे, शिंपल्याचा तुकडा तासून आणलाय! तेव्हापासून त्यांना सगळे थापाड्याच म्हणू लागले. आता संग्रहालय तो मांडायला तयार होतं. पाटीवर 'मोती' येणार की 'कोरीव शिंपला', ते आमच्या कागदावर ठरणार होतं.

"बाबा आहेत तोवर ती पाटी लागली पाहिजे," बाई म्हणाल्या.

या मोत्याला नेहमीच्या मोत्यासारखं पाणी नसतं. तो चिनी मातीसारखा पांढरा दिसतो. पण भिंगातून त्यावर ज्वाळांसारख्या बारीक रेषा दिसतात, एकमेकींत गुंतलेल्या. शिंपला कोरला असेल तर सरळ थर दिसतात. इथे दोन्ही नव्हतं. वरून खाली नुसता खरखरीत पांढरेपणा.

"घरी याचं काय करत होता?" मी विचारलं.

"काय म्हणजे? आई दर आठवड्याला व्हिनेगर लावून घासायची. तिच्या घरात बाबांना धूळ लागलेली चालायची नाही, मोत्याला कुठली चालणार!"

आमचे साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ते येऊन वाकून बघून गेले. "काका, व्हिनेगरने वरचा पापुद्रा पार गेलाय. कोरीव शिंपला लिहा आणि मोकळे व्हा."

"पण कोरल्याची खूणही नाही," मी पुटपुटलो.

"मोती असल्याची तरी कुठाय?"

एरवी मी गप्प बसलो असतो. पण बाई माझ्याकडे बघत होत्या, जणू निकाल लागलाच आहे आणि मला फक्त शाई सापडत नाहीये.

"आपण हा उलटा करू या," मी म्हणालो.

बाई एकदम ओशाळल्या. "नको हो! खाली नुसता मळ आहे. आईला तो कधी उचलताच आला नाही. मी आज सकाळी घासणार होते, पण तो उलटा करताना ह्यांच्या कमरेत उसण भरली."

मी मोठ्याने हाक मारली, "साहेब, हात लावा जरा!" ते इतके दचकले की धावतच आले.

दोघांनी मिळून गोळा उलटा केला. ओल्या फडक्याने मी काळा थर हळूहळू पुसला, भिंग लावलं आणि पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, कारण पहिल्या पाहण्यावर माझा विश्वास नसतो. पांढऱ्यावर पांढऱ्या ज्वाळा, तळहाताएवढ्या जागेत दाटलेल्या.

साहेबांनी बराच वेळ भिंग सोडलं नाही. मग म्हणाले, "काका, लिहा. मोती."

मी लिहिलं, सही केली. बाईंनी तिथूनच बाबांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. साहेबी आवाजात सांगा."

"तुमचा मोती खरा आहे," मी म्हणालो.

"ते मला काय सांगता? काढला तेव्हा मीच होतो ना तिथे!" आवाज इतका खणखणीत होता की बाईंनाही ऐकू जात होता. मग म्हणाले, "तुमचा विश्वास बसला म्हणता?"

"बसला."

"मग ऐका. पुढे पुन्हा बुडी मारली, तर याच्या शेजारच्या शिंपल्यात याहून मोठा होता. तो मी खालीच ठेवला. एकच पटेना लोकांना, दुसऱ्याचं कुणाला सांगायचं?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

मी खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि म्हणालो, "मला सांगा, बाबा."