घरात माणूस लागतं

तीस वर्षं इस्पितळात काढल्यावर बाईंचं नाव मागे पडलं होतं आणि ‘सिस्टर’ एवढंच उरलं होतं. गल्लीतले तसंच म्हणत, बँकेतला माणूस तसंच म्हणे, आणि एखादं काम टाळायचं असलं की नवराही तसंच म्हणे.

निवृत्त झाल्या त्या वर्षी सिस्टरांनी बसने दोन थांब्यांवरचं एक बैठं घर विकत घेतलं. मधे ऐसपैस हॉल, त्यात उघडणाऱ्या चार खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि दोन न्हाणीघरं. चार खोल्या चार नोकरदार मुलींना द्यायच्या, बाकी सगळं सामायिक, असा बेत होता.

“म्हणजे पुन्हा वॉर्डच,” नवरा म्हणाला. “फक्त पेशंट धडधाकट.”

घर विकणारा साठीचा घड्याळजी होता. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. किल्ल्या हातात देताना त्याने एकच गोष्ट विचारली.

“घर रिकामं नाही ना ठेवणार?”

“रिकामं कशाला ठेवू? चार जणी येतील राहायला.”

त्याने मनाशी काहीतरी हिशेब केल्यासारखं केलं. “चार,” तो म्हणाला. “चालेल.”

सिस्टरांनी कामाला एक सुतार लावला. तो परगावचा, म्हणून त्याच दिवशी वळकटी घेऊन तिथेच मुक्कामाला आला. त्याने चार पलंग केले, चार कपाटांना कड्या बसवल्या, दाराशी चपलांसाठी फळ्या ठोकल्या. सिस्टरांनी फ्रिजच्या प्रत्येक कप्प्याला वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवली आणि ओट्यावर चार डबे, चार कप, चार घासण्या ठेवल्या. घासण्या बघून नवरा हसला, पण नर्सेसच्या होस्टेलवर त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. माणसांचं माणसांशी पटतं, घासणीवरून बिनसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सुताराचं काम शनिवारी दुपारी संपलं. त्याची गावची गाडी दोनची होती. सिस्टर पाचला पोचल्या तेव्हा तो हत्यारांच्या पिशवीवर बसलेला.

“अहो, गेला नाहीत? कुलूप लावून किल्ली शेजारी द्यायची ठरली होती ना?”

“हो, लावणारच होतो.” त्याने हातातल्या कुलपाकडे पाहिलं, जणू ते कशासाठी असतं हे आठवत होता. “पण बाई, कुणी आल्याशिवाय जायचं कसं?”

सरळ माणूस दिसतोय, असं सिस्टरांना वाटलं. त्याच संध्याकाळी पहिली भाडेकरू सामान घेऊन आली. ती शाळेत शिकवायची. दुसऱ्या दिवशी, रविवारी, उरलेल्या तिघी आल्या. एक बेकरीत दुपारपाळी करणारी, एक चष्म्याच्या दुकानातली, एक शिंप्याच्या दुकानात शिवणकाम करणारी.

पहिले तीन महिने सिस्टर सगळ्यांना सांगत सुटल्या की भाडेकरू मिळावेत तर असे. भांडण नाही, तंटा नाही. हॉलमध्ये चौघी आवाज खाली ठेवून बोलत. दारं हलक्या हाताने लावत. कधीही जा, घरात कुणी ना कुणी असायचंच. नळवाला आला, पार्सल आलं, कधी खोळंबा झाला नाही.

“फारच शहाण्या आहेत गं,” नवरा म्हणाला. “मला तर भीती वाटते.”

“तुम्हाला गोंगाटाची सवय. माझ्या हाताखाली तीस वर्षं काढली असतीत म्हणजे कळलं असतं.”

“काढलीच की.”

चौथ्या महिन्यात एका सकाळी शाळेतून फोन आला. पत्त्याच्या जोडीला शिक्षिकेने सिस्टरांचा नंबर शाळेत दिला होता. बाई परीक्षेला आल्या नाहीत, फोन उचलत नाहीत, आणि ही या महिन्यातली सहावी खेप आहे, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. सिस्टर तडक बसने निघाल्या.

दार उघडंच होतं. शिक्षिका हॉलमध्ये खुर्चीच्या कडेवर बसलेली. केस विंचरलेले, पायात चपला, खांद्याला पर्स, मांडीवर पेपरांचा गठ्ठा. बाहेर पडायला निघालेली बाई जशी दिसते, नेमकी तशी. फक्त बसलेली.

“अगं, बरं नाहीये का?”

“बरी आहे.”

“मग शाळा?”

“त्या तिघी आधी गेल्या ना,” ती म्हणाली. “मग मी कशी जाणार? कुणीतरी नको का?”

“कुणासाठी?”

तिने मागे वळून हॉलभर पाहिलं. तिचे डोळे भरून आले, ते दुःखाने नव्हे. स्वतःच्याच घरात वाट चुकलेल्या माणसासारखे. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जी शेवटची उरते तिला निघता येत नाही. बेकरीवालीची नोकरी गेली होती, दुसरी मिळाली, तीही जाण्याच्या बेतात होती. चष्म्यावाली सुट्ट्या संपवून बसली होती. एकमेकींना कुणीच काही बोललं नव्हतं, कारण बोलायचं काय? दिसत काही नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. पण सकाळी जी ती दुसरीच्या आधी सटकायला बघायची.

“जा तू,” सिस्टर म्हणाल्या. “मी आहे.”

हे ऐकताच ती बाणासारखी सुटली.

सिस्टरांनी दोन मिनिटं हॉलमध्ये उभं राहून कानोसा घेतला. फ्रिजची घरघर, बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा. “काहीतरीच,” त्या मोठ्याने म्हणाल्या. बाहेर पडून कुलूप लावायचं आणि बारा वाजेपर्यंत घरी. त्या दारापर्यंत गेल्या. उंबऱ्याच्या आत थांबल्या.

भीती अजिबात नव्हती. नुसती एक ओळखीची भावना होती, इतकी ओळखीची की ती कुठून आली हेही आधी लक्षात येईना. पाळी संपली आहे, घड्याळ पुढे सरकतंय, पण बदली नर्स अजून आलेली नाही. अशा वेळी वॉर्ड सोडून जायचं नसतं. पाठीमागे कुणीतरी जागं असतं.

त्या खुर्चीत येऊन बसल्या. साडेतीनला शिवणवाली आली, तेव्हा उठल्या.

घरी नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. “एक घर सांभाळता येईना तुम्हा पाच बायकांना? उद्या मी जातो. कुलूप घालून, किल्ली खिशात टाकून, शीळ घालत येतो.”

दुसऱ्या दिवशी चौघींना कामावर धाडून तो घरात एकटा राहिला. साडेअकराला फोन आला.

“अगं,” तो म्हणाला. आवाज एकदम खालचा, हॉलमध्ये मुली बोलत तसाच. “कुणाला तरी पाठवतेस का?”

“अहो, शीळ घालत येणार होतात ना?”

“थट्टा नको. मी चारदा दारापर्यंत जाऊन आलो. पाठव कुणाला तरी.”

सिस्टरांनी शिवणवालीला दुकानातून घरी पाठवलं आणि स्वतः घड्याळजीकडे गेल्या. बाजाराच्या तोंडाशी त्याचं टपरीएवढं दुकान होतं. भिंग डोळ्याला लावून तो कुणाच्या तरी मनगटी घड्याळावर वाकला होता. सिस्टर दिसल्या तसं त्याने भिंग काढून ठेवलं. समोरचं स्टूल पुढे सरकवलं.

“किती दिवस झाले?” तो म्हणाला.

“चार महिने. मला आधी का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार होतो? घर चांगलं आहे. कुणी आजारी पडत नाही, कुणाला काही दिसत नाही. फक्त घरात माणूस लागतं.”

मग त्याने सांगितलं. त्याची आई अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. पलंग हॉलमध्ये, म्हणजे चारही खोल्यांची दारं तिला दिसत. घरात तो, त्याची बायको, धाकटा भाऊ आणि भावजय. अकरा वर्षांत तिला एकटं म्हणून ठेवलं नाही. आणि एका दुपारी चौघंही बाहेर पडले.

“कुणी मुद्दाम नाही केलं हो. मला वाटलं बायको आहे. तिला वाटलं भाऊ आहे. त्याला वाटलं त्याची बायको आहे. चार माणसं असली ना, की प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी आहे.” त्याने भिंग हातात घेऊन पुसलं. “साडेचारला मी परत आलो. दार ढकललं तर उघडेना. आतून वजन होतं. अकरा वर्षं जी कूस बदलू शकत नव्हती, ती उंबऱ्याशी होती. हात कडीवर.”

इस्पितळात अशी बातमी ऐकणाऱ्याशी कसं बोलायचं ते सिस्टरांना येत होतं. सांगणाऱ्याशी काय बोलायचं, ते येत नव्हतं.

“भाऊ पुढच्याच वर्षी वेगळा झाला. आम्ही दोघं आळीपाळीने राहिलो. मग बायको गेली. दुकानात असलो की भावाची मुलगी येऊन बसायची. तिचंही लग्न ठरलं. मग मी विकलं.” त्याने मान खाली घातली. “तुम्ही चार म्हणालात. मला वाटलं, चार पुरतील.”

सिस्टर रागावायच्या तयारीने आल्या होत्या, पण तो राग धरून ठेवायला कुठे जागाच सापडेना. त्या म्हणाल्या, “उद्यापासून दुकान तिकडे हलवा.”

त्याने ते लगेच मानलं. कदाचित त्याला तेच हवं होतं. रोज दहाला तो हत्यारांची पेटी घेऊन यायचा, हॉलच्या खिडकीशी टेबल मांडायचा आणि पाचपर्यंत काम करायचा. पहिल्या दिवशी आत शिरताना तो हलकेच म्हणाला, “मी आलोय गं.” शिक्षिका चपला घालत होती. तिने सिस्टरांकडे बघितलं, आणि सिस्टरांनी तिला डोळ्यांनीच जा म्हणून खुणावलं. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मुलींच्या नोकऱ्या स्थिरावल्या. त्या हॉलमध्ये थोड्या मोठ्याने हसायलाही लागल्या.

मग घड्याळजीच्या मोतीबिंदूची तारीख आली. दोन दिवसांचा प्रश्न होता. “तुम्ही बसाल?” त्याने विचारलं, आणि सिस्टर हो म्हणाल्या.

पहिला दिवस त्यांनी विणकाम करण्यात काढला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचं विणण्यात लक्ष लागेना. घड्याळजीने सांगितलेली ती कडी डोळ्यांसमोरून हलत नव्हती. इतकी वर्षं सगळ्यांनी एकच अर्थ लावला होता, की म्हातारीला एकटं राहायचं नव्हतं. म्हणून कुणी ना कुणी तिच्यापाशी बसून राहिलं. पण सिस्टरांनी एकटे सोडलेले रुग्ण पुष्कळ पाहिले होते. ते हाका मारतात, भांडं आपटतात, रडतात. दाराकडे जाणारा रुग्ण वेगळा असतो. अकरा वर्षं चार दारं बघत पडलेल्या बाईला त्या दिवशी पहिल्यांदा असं घर मिळालं होतं, जिथे ‘आई, उठू नका’ म्हणणारं कुणी नव्हतं.

सव्वातीनला त्यांनी विणकाम पिशवीत ठेवलं. हॉलच्या मधोमध, जिथे आता जेवणाचं टेबल होतं, तिथे जाऊन उभ्या राहिल्या. वॉर्डात शेकडो वेळा केलं होतं तसा डावा हात कोपरात वाकवून पुढे केला.

“चला,” त्या म्हणाल्या. “सावकाश. घाई नाही.”

काही झालं नाही. मग हातावर वजन आलं. फार नाही, हाडं हलकी झालेल्या माणसाचं येतं तेवढंच. सिस्टरांनी हात हलू दिला नाही. पाऊल टाकायचं, थांबायचं, पुढचं पाऊल टाकायचं. दारापाशी त्यांनी उजव्या हाताने कडी काढली. उंबरा ओलांडताना सवयीने म्हणाल्या, “पाय उचला.” तीन पायऱ्या उतरायला कितीतरी वेळ गेला. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या वाकवलेल्या हाताकडे पाहिलं आणि वाट सोडून पलीकडे झाली.

बसथांब्यावर एक बाक होता. तिथवर जाऊन सिस्टर टेकल्या. समोरून गाड्या जात होत्या, एक फळवाला गाडा ढकलत चालला होता, शाळा सुटली होती. हातावर वजन होतंच. ते कुणीकडे बघतंय, हेही त्यांना कळत होतं. सगळीकडेच. सिस्टर पाऊण तास तशाच बसल्या. मग हळूच हात काढून घेतला आणि उभ्या राहिल्या. बरोबर कुणी उठलं नाही.

मुलींच्या घरी परतून त्यांनी दाराला कुलूप घातलं. किल्ली अडली, कारण ते कुलूप आजवर लागलंच नव्हतं. मग त्या मागे न बघता दुसऱ्या थांब्यापर्यंत चालत गेल्या.

तिसऱ्या दिवशी घड्याळजी काळा चष्मा लावून आला. सिस्टर दारातच उभ्या होत्या. त्याने आत पाऊल टाकलं, “मी आलोय” म्हणायला तोंड उघडलं, आणि तिथेच थबकला. हॉलभर हात फिरवून काही चाचपत असल्यासारखा तो उभा राहिला.

“कुठे नेलंत तिला?”

“तिला बाहेर जायचं होतं,” सिस्टर म्हणाल्या.

“कुठे?”

त्यांनी सांगितलं. तो रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तो रडेल असंही वाटलं होतं. त्याने खिडकीशी मांडलेलं टेबल भिंतीशी सरकवलं, हत्यारांची पेटी उचलली आणि निघून गेला.

घर आता कुठल्याही घरासारखं आहे. घासणीवरून भांडणं होतात. शिक्षिका आणि चष्म्यावाली आठवडाभर बोलत नव्हत्या. सिस्टरांना त्याचं समाधानच वाटतं.

मात्र त्या हल्ली एक थांबा आधी उतरतात. पुढच्या थांब्यावर दुपारी घड्याळजी बाकाच्या एका टोकाला बसलेला असतो. बाक तिघांचा आहे. बसची वाट बघणारे पाच-सहा जण उन्हात उभे असतात, आणि बस कितीही उशिरा आली तरी त्यांच्यातलं कुणी त्याच्या शेजारी बसत नाही.