वाडीचं नाव

"आजी, नाव राहत नाहीये," कियोहिको तारुमी अखेर बोलला.

इसोनो आजी ओसरीत बसून वाळवायचे मुळे दोरीत ओवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आपण काय सांगतोय हे त्यालाच नीट सांगता येईना. उभं आयुष्य गावकचेरीत काढलेला माणूस, पण आज त्याचे शब्द अडखळत होते. मिनोए तालुक्यातली सगळी गावं मिळून आता एक शहर होणार होतं. तालुकाच उरणार नव्हता. हे वसंतात देवळाच्या सभेत त्यानंच सांगितलं होतं; आणि वाड्यांची नावं मात्र पत्त्यात राहतील, असा शब्दही दिला होता. त्याला वरून तसंच कळवलेलं होतं. पण शहरात येणाऱ्या दुसऱ्या गावातही कुरुमिदाइरा नावाचीच एक वाडी निघाली, या वाडीहून मोठी. टपालाचा घोळ नको म्हणून धाकटीचं नाव काढायचं ठरलं. यापुढे ही वाडी म्हणजे नुसता 'पश्चिम विभाग'.

कचेरीतले म्हणाले होते, पत्रकात छापून टाकू, तू कशाला जातोस. त्याला ते पटलं नाही. सभेत तोंडानं सांगितलं होतं, तर हेही तोंडानंच सांगायला हवं.

आजी रागावतील, निदान डोळे तरी पुसतील, असं त्याला वाटलं होतं. त्या हात धुऊन आल्या आणि त्याच्यासमोर बसल्या.

"मी लग्न होऊन आले तेव्हा हे गावच वेगळं होतं," त्या म्हणाल्या. "चार गावं एकत्र केली तेव्हा आपल्या गावाचं नाव गेलं. ते घरोघर सांगायला कुणाला पाठवलं होतं, ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं. आजींचे यजमान, र्‍योझो, तेव्हा कचेरीत कारकून होते. ते एकटेच गेले. तिन्हीसांजेला परतले तेव्हा दिवसभरात त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलेलं नव्हतं. ठरवणारे ठरवून मोकळे झाले आणि वाडीनं राग धरला तो यांच्यावर. त्या साली त्यांच्या भातलावणीला एकही माणूस आला नाही. पाठीला तान्हं पोर बांधून आजी चिखलात उतरल्या. यजमान त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत बोलले नाहीत. फक्त सभेला जायचं त्यांनी सोडलं.

"आता कुणाकडे जायचंय?" आजींनी विचारलं.

"गेनकिची आजोबांकडे."

"तो दार उघडायचा नाही." त्यांनी काठी घेतली. "चल, मी येते."

तो नको नको म्हणत राहिला. चढ आहे, पाय दुखतील, म्हणाला. तोवर आजी अंगणाबाहेर पडल्याही होत्या.

वसंतातल्या सभेत उभं राहून नावाचं काय, असं विचारणारे गेनकिचीच होते. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली असावी, कारण त्यांच्या घरात रेडिओ चालू होता तरी कियोहिकोच्या हाकेला ओ मिळाली नाही.

"गेनकिची, मी आहे," आजी म्हणाल्या. "याला घेऊन आलेय. शिव्या द्यायच्यात ना, तर आत बसवून दे."

रेडिओ बंद झाला. दार सरकलं. गेनकिचींनी आजींसाठी बैठक टाकली. कियोहिको दाराजवळच्या उघड्या फळ्यांवर गुडघे टेकून बसला आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागला.

"राहील म्हणालास तू," त्याचं सांगून झाल्यावर गेनकिची म्हणाले. "सगळ्यांसमोर."

"म्हणालो होतो."

"माझे वडील तिथं वर पुरलेत. थडग्याच्या दगडावर वाडीचं नाव आहे."

कियोहिकोनं मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

गेनकिची उठून आतल्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात आणखी एक बैठक होती. कियोहिकोकडे न बघताच त्यांनी ती त्याच्या दिशेनं सरकवली आणि चुलीवर पाणी ठेवायला वळले.