एका अक्षराची तूट

संपादकाचा फोन संपला तेव्हा मुद्रितशोधकाच्या हातात अर्धी सोललेली काकडी होती. ती त्याने ओट्यावर अशी आपटली की, बायकोने बाहेरूनच विचारलं, कोणाचा जीव घेतला.

जीव त्याचाच गेला होता. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं तो एका साप्ताहिकात गूढ शब्दकोड्याची उकल लिहीत होता. या अंकात कोडं, पुढच्या अंकात उकल. 'मका उलटला, गार पडला. राबतो तो' या शोधसूत्राचं उत्तर 'कामगार' का, हे वाचकाला पटवून द्यायचं: मका उलटा केला की काम, पुढे गार. मानधन असं होतं की ते घ्यायला जायचं भाडंही सुटत नसे. पण त्याला चारचौघांत ओळख होती ती तेवढीच. आता संपादक म्हणत होता, पुढच्या महिन्यापासून हे दुसरं कोणी लिहील. स्पष्टीकरणं ओढूनताणून असतात अशी तक्रार आहे. वाचकाची असती तर केराच्या टोपलीत गेली असती, पण ती कोडं रचणाऱ्या बाईंचीच आहे.

त्या बाई म्हणजे त्याची सख्खी थोरली बहीण. संपादकाला हे ठाऊक नव्हतं, कारण ताई टोपणनावाने टपालाने कोडी पाठवायची. भरलेली चौकट पाठवायची, बस. उत्तर कसं निघालं ते उकल लिहिणाऱ्याने आपलं आपण शोधायचं आणि घरात त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा तिचा दंडक. 'विचारायचं असेल तर सोडवू नकोस,' एवढंच ती एकदा म्हणाली होती.

त्याने विचारलं नाही, तिथेच घोडं पेंड खात होतं. गेल्या वर्षापासून ताईच्या शोधसूत्रांना भोकं पडू लागली होती. पहिले दोन महिने त्याने रिवाजाप्रमाणे स्वतःच्याच डोक्याला दोष दिला, कारण या धंद्यात कोडं चुकत नसतं, सोडवणारा कमी पडतो. मग खरं काय ते कळलं: चुकत होती ती ताईच. तेव्हापासून तो इमानेइतबारे ठिगळं लावत होता आणि बक्षीस म्हणून तिची ही तक्रारीची चिठ्ठी.

तो चपला घालत असताना बायकोने सांगितलं, शांतपणे बोला, त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. तो म्हणाला, मीही सहासष्टचा आहे, माझ्याशी कोण शांतपणे बोलतंय?

ताईच्या घरापर्यंतच्या दोन गल्ल्या त्याने तोंडातल्या तोंडात शिव्या देत संपवल्या. ताई जेवणाच्या टेबलाशी रबराने काहीतरी खोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"माझी तक्रार केलीस?"

"केली. ये, बस छोट्या."

"बसायला नाही आलो."

"मग उभ्याने ऐक. माझ्या तोंडी वाट्टेल ते घालतोस तू. 'दरवाजा'चं काय केलंस? वाट म्हणजे रस्ता, रस्त्याचा पहिला र, आणि तीच वाट पुन्हा दरवाजाच्या अर्थालाही. एकाच शब्दाला दोनदा राबवायचं नसतं, हे तुला कोणी शिकवलं?"

"मग तो र तू कुठून आणला होतास?"

"सूत्रातच आहे."

"दाखव."

तिने जुना अंक ओढला. 'वाद विस्कटून टाक आणि जा, वाट इथूनच.' पेन्सिलीचं टोक अक्षरांवर ठेवत ती मोजू लागली. वाद विस्कटला: द, वा. मग जा. दवाजा. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईने तीन अक्षरं तीनदा मोजली. घरं चार होती. तिसऱ्यांदा पेन्सिल 'जा'वर आली आणि तिथेच राहिली.

"आणखी किती आहेत असे?"

त्याने सांगितलं, चौदा. याला धरून.

आता तिचा आवाज मघापेक्षा खाली आला, म्हणजे खरा राग आला. "वर्षभर मला सांभाळून घेतलंस. मी काय गॅसवरचं दूध आहे? पोरांचं गणित चुकलं की मी तोंडावर सांगायचे. कोणी मेलं नाही."

"सांगितलं असतं तर तू माझ्याशी बोलणं टाकलं असतंस."

"टाकलं असतं. मग?"

या 'मग'ने तो आणखीच चिडला. म्हणाला की अकरा वर्षांचं माझं नाव तू एका चिठ्ठीत बुडवलंस. ती म्हणाली की माझं तू हप्त्याहप्त्याने बुडवत होतास, खोटारड्या. मग तिने टोपणनाव बाजूला ठेवून संपादकाला फोन लावला: चुका माझ्या, त्याने झाकल्या, या अंकात चौदाच्या चौदा छापा आणि माणूस बदलायचा नाही. पलीकडून सौम्यपणे काहीतरी समजावलं गेलं असावं, कारण ताईने मध्येच तोडून सांगितलं की वयाचं मला विचारू नका, शोधसूत्राचं विचारा.

फोन ठेवून तिने खोडत असलेला कागद त्याच्यासमोर सरकवला. उद्या टपालात पडायचं कोडं होतं.

"सोडव. इथेच. आणि गोड बोलायचं नाही."

तो शेवटी खुर्चीत बसला. अर्धा तास तो पेन्सिलीने एकेक घर भरत गेला. आडवी सूत्रं सगळी निर्दोष निघाली. एक तर इतकं देखणं होतं की रागावलेला असूनही त्याने मान डोलावली. मग तो थांबला. मागेपुढे वाचलं. सवयीने एक ठिगळ मनात तयारही झालं, चांगलं बेमालूम.

"सात उभं," तो म्हणाला. "चुकलंय."

ताईने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि भांडायच्या तयारीने खुर्ची पुढे घेतली. "कुठे चुकलंय? दाखव."